टोन जात नाहीयेत

ट्रुगानिना, मेलबर्न
रविवार, १९ सप्टेंबर २०२१

प्रिय मीनाक्षी वहिनी,

नमस्कार. तुम्ही दोघं बरे आहात, दादाचा खोकला आता पूर्ण गेलाय आणि तुझी पाचवी ‘ब’ अजूनही कॅमेरे बंद ठेवून तुला छळतेय, असं समजून लिहायला बसले आहे. इथे आम्ही दोघं ठीक. मेलबर्नचं हे सहावं लॉकडाऊन. घरापासून पाच किलोमीटरची हद्द परवा दहा झाली, तर विक्रांत भाजीचं निमित्त काढून पार हद्दीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि एक दुधी घेऊन आला. दुधी आमच्या कोपऱ्यावरही मिळतो. आज अनंत चतुर्दशी, गणपतीचं विसर्जन बादलीत केलं. तुमच्याकडे या वर्षी बसवला नसणारच.

पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. मुलं नसली तरी तुम्हा शिक्षकांना हजेरी लावावी लागते, असं तू म्हणाली होतीस. घरी पाठवलं असतं तर आधी दादाच्या हातात पडलं असतं. तू पूर्ण वाच, आणि मग त्याला सांगायचं की नाही ते ठरव. हे मी तुझ्या डोक्यावर ठेवतेय, हे मला कळतंय. या महिन्यात तीनदा तुला फोन केला तो हे सांगायलाच. तिन्ही वेळा तू “बोल गं चित्रा” म्हणालीस आणि मी हवापाणी विचारून ठेवून दिला.

मे महिन्यात, आईचे दिवस झाल्यावर, तू मला तिचा एक निरोप सांगितलास. जायच्या दोन दिवस आधी ती तुला म्हणाली होती, “चित्राला म्हणावं, फोनचा त्रास करून घेऊ नकोस. यंत्राचं होतं असं कधी कधी.” तेव्हा दादा मागून म्हणाला, “सगळ्या जगाचे फोन दुरुस्त करते, आणि आईला एक लावता आला नाही.” तू त्याला तिथल्या तिथे गप्प केलंस. “तिने काय कमी प्रयत्न केले का?” म्हणालीस.

त्या तुझ्या वाक्याबद्दल हे पत्र आहे.

सगळं क्रमाने लिहिते, तुला माहीत असलेलंसुद्धा. मधलं काही गाळायची मला मुभा नको.

आईला गुरुवारी, बावीस एप्रिलला ॲडमिट केलं. तिथे दुसरा बेड नव्हता म्हणून बाबांना शुक्रवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि शनिवारी ते गेले. दादा स्वतः पॉझिटिव्ह, खोलीत कोंडलेला. स्मशानात तू एकटी होतीस. आईला सांगायचं नाही, बाबा घरीच आहेत म्हणायचं, हे आपण तिघांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते, ऑक्सिजन वरखाली होतोय, धक्का नको. दादाने मला विचारलं, “चालेल ना?” मी “हो” म्हणाले. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही.

मला यायचं होतं, हे तू कधी विचारलं नाहीस पण सांगते. देश सोडायला परवानगी लागायची, तिचा अर्ज भरला. मंगळवारी इकडे येणारी विमानं बंद झाली. पुढे तर परत येणाऱ्यांना दंड आणि तुरुंग असं जाहीर झालं. आणि इथे, वहिनी, तेव्हा सगळं उघडं होतं. फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या मॅचला स्टेडियम भरत होतं. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी अँझॅक डे, इथला सैनिकांचा स्मरणदिन होता, शेजाऱ्यांकडे बार्बेक्यू चालू होतं. कुंपणावरून शेजारणीने विचारलं, “फॅमिली ऑल राइट बॅक होम?” मी म्हटलं, “येस, ऑल गुड, थँक्स.” ती सॉसेजची प्लेट देत होती. मी घेतली.

मग फोनचं सुरू झालं. हॉस्पिटलने नातेवाइकांसाठी तो नंबर चालू केला होता. अकरा ते बारा, एका पेशंटला दिवसाला दोन फोन, प्रत्येकी पाच मिनिटं. पेशंटचा चार आकडी क्रमांक दाबायचा, की फोन वॉर्डातल्या सिस्टरकडे जाणार आणि ती तो कॉटपाशी नेणार. आईचा क्रमांक तीन शून्य सात चार. एक फोन दादाचा किंवा तुझा, दुसरा माझा, असं आपण वाटून घेतलं. इथे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असायचे.

साध्या मोबाईलवरून लावलं की लाइन एंगेज. म्हणून मी इंटरनेटवरून लावत होते. मंगळवारी लागला. टेपवरची बाई म्हणाली, “कृपया रुग्णाचा क्रमांक दाबा.” मी दाबला. ती म्हणाली, “आपण कोणताही क्रमांक दाबलेला नाही.” पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोन तुटला.

तुला मी तेव्हा “टोन जात नाहीयेत” एवढंच कळवलं होतं. म्हणजे काय ते सांगते, पुढचं समजायला ते लागेल. फोनवर आकडा दाबला की दोन सूर एकदम वाजतात, प्रत्येक आकड्याची जोडी वेगळी. जुन्या फोनमध्ये ते सूर आपल्या आवाजासारखेच तारेतून जायचे. इंटरनेटवरच्या फोनमध्ये आवाज चेपून लहान करून पाठवतात आणि त्यात हे सूर बिघडतात. म्हणून सूर आवाजातून काढून घेतात आणि त्याबदली एक वेगळा निरोप पाठवतात, की हिने तीन दाबलं, हिने शून्य दाबलं. मेलबर्न ते नाशिक या वाटेवर चार-पाच कंपन्यांच्या हातून फोन जातो. त्यातल्या एकीने जरी तो निरोप पुढे दिला नाही तरी पलीकडे नुसती शांतता. बोलणं ऐकू येतं, आकडे नाहीत. माझं काम रोज हेच. बारा वर्षं मी लोकांचे हेच बिघाड शोधते आहे.

बुधवारी मी ऑफिसची चाचणीची लाइन वापरली आणि सूर आवाजातूनही जाऊ दिले. मग उलटंच झालं. या लाइनवरून निरोपही पोचला आणि सूरही पोचले, म्हणून प्रत्येक आकडा दोनदा गेला. ती बाई म्हणाली, “आपण दाबलेला क्रमांक तीन तीन शून्य शून्य. हा क्रमांक चुकीचा आहे.” मला हसू आलं होतं, खरं सांगते. बिघाड कळला की आम्हाला आनंद होतो. त्या रात्रीच्या जेवणाला मी विक्रांतला म्हणाले, “उद्या लागणार.”

गुरुवारी, एकोणतीस तारखेला, मी निरोपाचा भाग पूर्ण बंद केला, आवाज न चेपता पाठवला, वाट बदलली. आणि नंतर तपासायला सोपं जावं म्हणून त्या कॉलची संपूर्ण नोंद चालू ठेवली. अशा नोंदीत आकडे, वेळा आणि दोन्ही बाजूंचा आवाज, सगळं साठतं.

ती बाई म्हणाली, “तीन शून्य सात चार. कृपया थांबा.”

लागला, वहिनी. गुरुवारी फोन लागला. मी तुम्हाला सांगितलं, लागला नाही.

सिस्टर म्हणाली, “हां, आजी, तुमच्या मुलीचा आहे, ऑस्ट्रेलियावरनं,” आणि खरखर झाली, मास्क सरकवल्याची असेल. मागे ऑक्सिजनचा सुस्कारा चालू होता. मग आई म्हणाली, “चित्रू?”

मी वाक्य तयार ठेवलं होतं. कागदावर लिहूनच ठेवलं होतं, “आई, बाबा बरे आहेत, दादाशी बोलले मी आत्ताच.” तिने मला बोलूच दिलं नाही. धाप लागत होती तरी म्हणाली, “हे कसे आहेत गं? विनय सांगतो बरे आहेत, जेवतात. तू खरं सांग. तू मला खोटं नाही सांगायचीस.”

मी बोलले नाही.

कागद समोर होता. तो वाचायचा होता, बस्स. तू आणि दादा रोज ते करत होता. तू तर स्मशानातून येऊन दुसऱ्या दिवशी तिला सांगितलंस की बाबांनी उपमा खाल्ला. मला तोंडच उघडता आलं नाही. आई म्हणाली, “ऐकू येत नाही का गं तुला?” मग म्हणाली, “चित्रू, बोल ना.” मी श्वास धरून बसले होते. शेवटी ती “बरं” म्हणाली. मग बराच वेळ काही नाही, नुसता तो सुस्कारा. मग पुन्हा एकदा, हळू, “बरं. कळलं.” आणि सिस्टरला, “घ्या फोन.”

दोन मिनिटं आणि अकरा सेकंद.

त्यानंतर मी तुला मेसेज केला, “टोन जात नाहीयेत. उद्या परत बघते.” तू लिहिलंस, “कॉन्फरन्स करू का? मी इथून लावते आणि तुला जोडून घेते.” मी लिहिलं, “नको, जोडल्यावर आवाज फाटतो, आईला त्रास होईल.” असं काही होत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, कारण हे माझं काम.

शुक्रवार ते मंगळवार, पाच दिवस, मी रोज साडेतीनला बसत होते. नंबर लावायचे. तीन दाबायचे, शून्य दाबायचे, सात दाबायचे. चारवर बोट ठेवून बसायचे. ती बाई म्हणायची, “कृपया क्रमांक पूर्ण दाबा.” मग फोन आपोआप तुटायचा. त्या पाचही कॉलच्या नोंदी माझ्याकडे आहेत, प्रत्येकीत तीन आकडे. बुधवारी सकाळी ती गेली.

इथवर माझं कितीतरी वेळा मनात लिहून झालं होतं. आणि इथेच थांबायचं ठरवलं होतं. चार महिने मी स्वतःला सांगत होते, की आईला वाटलं असेल लाइन खराब आहे. माझी बाजू गप्प होती, तिला काही ऐकू आलं नाही, ती वैतागून “कळलं” म्हणाली, म्हणजे फोन बिघडलाय हे कळलं. तिने तुझ्याजवळ दिलेला निरोपही तेच म्हणत होता, यंत्राचं होतं असं. मी ती नोंद कितीदा ऐकली असेन. भांडी घासताना, इस्त्री करताना. ऐकायची ती फक्त तिची बाजू. नोंदीत दोन्ही बाजूंचे आवाज वेगवेगळे असतात, आणि माझ्या बाजूला काही असणारच नाही असं धरून मी ती कधी लावलीच नव्हती. शिवाय तिने बाबांचं विचारलं तेव्हाच मी हेडसेटवरचं म्यूट दाबलं होतं. निदान मला तसं आठवत होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात क्रेगीबर्नच्या एका क्लिनिकची तक्रार आली. लसीच्या अपॉइंटमेंटसाठी दोन दाबा, आणि लोकांनी दाबलेलं पोचत नव्हतं. माझ्या टीममधला नचिकेत म्हणाला, “आकडा डबल जातो असा एखादा जुना नमुना आहे का गं तुझ्याकडे?” मी बुधवारची नोंद उघडायला गेले आणि खालची, गुरुवारची उघडली गेली. स्क्रीनवर आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतात, वरची पलीकडची, खालची आपली. म्यूट असेल तर खालची पट्टी सरळ रेघ असते.

ती सरळ नव्हती.

मी दार लावून घेतलं आणि दोन्ही बाजू एकत्र लावल्या. माझा श्वास ऐकू येतो. खुर्ची करकरते. शेजारचा माणूस मागे गवत कापतोय, ते मशीन ऐकू येतं. आई म्हणते, “चित्रू, बोल ना.” मग माझ्याकडचं दार उघडल्याचा आवाज येतो. विक्रांत चहा घेऊन आला होता, ते मी विसरूनच गेले होते. तो विचारतो, “लागला का गं?”

आणि मी त्याला सांगते, “नाही. टोन जात नाहीयेत.”

स्वच्छ आवाजात. मीच रात्र जागून स्वच्छ करून घेतलेल्या लाइनवर.

त्यानंतर आई “बरं” म्हणते.

वहिनी, तिने ते ऐकलं. फोन कानाला लावून, माझ्या आवाजाची वाट बघत असताना तिने माझा आवाज ऐकला, आणि तो विक्रांतशी खोटं बोलत होता. मी कशासाठी बोलत नाहीये हे कळायला तिला तेवढंच पुरलं. तू मला जूनमध्ये एकदा म्हणाली होतीस, की गुरुवारनंतर आई आपणहून बाबांचं विचारेनाशा झाल्या, तेवढी ताकदच उरली नसेल. ताकद होती. तिला माहीत होतं. आणि तुझ्याजवळ दिलेला तो निरोप यंत्राबद्दल नव्हता. तिने माझं खोटं तुमच्यापुढे उघडं पडू दिलं नाही.

दादा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, “आई काही न कळता गेली, तेवढंच समाधान.” मी फोनवर असताना दोनदा म्हणालाय. दोन्ही वेळा मी हुंकार दिला.

आता तुला सगळं माहीत आहे. मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून अजून काही मागायचं माझं तोंड नाही.

तू बाजू घेतलीस ती,
चित्रा

* * *

ट्रुगानिना
रविवार, १४ नोव्हेंबर २०२१

प्रिय वहिनी,

नमस्कार. या वेळी पत्र घरच्या पत्त्यावर. इथे लॉकडाऊन उठलंय, दुकानांतून गर्दी, सलूनबाहेर रांगा. विक्रांत आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जायला लागला. मी अजून घरूनच.

माझं पत्र तुला पाच आठवड्यांनी मिळालं आणि त्याच दिवशी तू फोन केलास. त्या फोनबद्दल आधी लिहायला हवं. तू बराच वेळ काहीच बोलली नाहीस. मला वाटलं लाइन गेली, आणि तसं वाटल्याची लगेच लाज वाटली. मग तू म्हणालीस, “मी त्याला सांगणार नाही. हे तुझं तू सांग.” मी “बरं” म्हटलं. तू म्हणालीस, “आणि मला राग आलाय, चित्रा. तो जाईपर्यंत मला गोड बोलायला लावू नकोस.” आणि ठेवता ठेवता म्हणालीस, “मी रोज त्यांना खोटं सांगत होते आणि त्या रोज ऐकून घेत होत्या. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळतेय.”



दादाला मी गेल्या शनिवारी फोन केला. दिवस मुद्दाम निवडला नव्हता, फोन लावल्यावर लक्षात आलं की भाऊबीज आहे. तू त्या वेळी दुसऱ्या खोलीत गेलीस असं तो नंतर म्हणाला. मी कागद समोर धरला आणि सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सहा महिने माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती, की तिला कळलं नाही. ती पण घेतलीस.” आणि फोन ठेवला.

तो काय करेल, तुझ्याशी काय बोलेल, काही कळत नव्हतं. रविवार, सोमवार मी कामावर होते पण मला काही आठवत नाही. नचिकेतने विचारलं, “आर यू ओके?” आणि या वेळी मी “नाही” म्हणाले. तो बिचारा घाबरला. त्याने माझे सगळे कॉल स्वतःकडे घेतले आणि काही विचारलं नाही.

मंगळवारी दादाचा मेसेज आला. एकच ओळ. “ते रेकॉर्डिंग पाठव.” मी लिहिलं, “दोन्ही बाजू आहेत त्यात.” त्याने लिहिलं, “पाठव.”

पाठवलं. तुला त्याने ऐकवलं की नाही, मला माहीत नाही. नसेल तर तू मागू नकोस, त्याला वाटेल तेव्हा तो देईल.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आवाज बसलेला होता. म्हणाला, “तिला एकदाही खोकला नाही आला. दोन मिनिटं. मी बोलायचो तेव्हा सारखा यायचा.” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “दाबून धरला असेल.” मला ते कधी सुचलंच नव्हतं. इतक्या वेळा ऐकून.

मग तो सांगायला लागला. तो म्हणाला, “शुक्रवारी मी तिला सांगितलं, बाबांनी आज वरणभात खाल्ला. ती म्हणाली, लिंबू पिळलंस का त्यांच्या भातावर? मी म्हटलं, पिळलं. ती म्हणाली, अर्धंच पिळत जा, त्यांना आंबट बाधतं. मला इतकं बरं वाटलं होतं, चित्रा. म्हटलं, आईचं डोकं ठिकाणावर आहे, लिंबाचं आठवतंय, म्हणजे सुधारतेय. मीनाक्षीला हाक मारून सांगितलं मी ते.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं.

“तिला तेव्हा माहीत होतं,” तो म्हणाला. “आदल्या दिवशीपासून माहीत होतं तिला. आणि माझ्यासाठी लिंबाचं विचारत होती.”

मग तो रडला. दादाला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, बाबांच्या वेळीसुद्धा नाही. माझ्या हातात ओला टॉवेल होता, तो तसाच धरून मी उभी राहिले. रडू नकोस म्हणाले नाही. मी आहे असंही म्हणता येईना. फक्त एवढी काळजी घेतली की माझ्या बाजूने आवाज यावा. “हं” म्हणत राहिले. “ऐकतेय, दादा.” “आहे मी फोनवर.” पुन्हा पुन्हा तेच. कितीतरी वेळ.

शांत झाल्यावर त्याने नाक ओढलं आणि एकदम कोरड्या आवाजात विचारलं, “तुमच्याकडून विमानं सुरू झाली ना?” मी म्हटलं, या महिन्यापासून, आता परवानगी लागत नाही. तो म्हणाला, “बाबांचं वर्षश्राद्ध आधी, मग आईचं. दोन्हींना तू असायला हवीस. मी तुझ्याशी बोलेन की नाही ते मला माहीत नाही. पण ये.”

तिकीट काल काढलं, एप्रिलचं. विक्रांतला सुट्टी मिळाली नाही तर एकटी येईन. तीन आठवडे राहीन. तुला चालणार नसेल तर तसं स्पष्ट सांग, मी लॉजवर उतरेन, वाईट वाटून घेणार नाही.

एक गोष्ट विचारायची होती. स्मशानात त्या दिवशी तू एकटी होतीस, त्याबद्दल मी तुला आजवर काहीच विचारलं नाही. कुणी होतं का बरोबर, किती वेळ थांबावं लागलं, परत कशी आलीस. इतके महिने मी माझाच फोन घेऊन बसले होते. आल्यावर तू सांगशील तेवढं ऐकेन. नाही सांगितलंस तरी तुझ्याजवळ बसेन.

स्टेशनवर कुणी यायला नको, मी रिक्षाने येईन. दार मात्र तू उघड. दादाने उघडलं तर मला आत पाऊल टाकवणार नाही.

येते,
चित्रलेखा